काका, तुमचं काय लिहू?

महिन्याची २१ तारीख म्हणजे आमच्या घरात एकादशी. एक तारखेला पगाराचा मेसेज येतो, दहा तारखेपर्यंत आपण राजे, पंधरा तारखेपर्यंत प्रजा आणि एकवीस तारखेला... जाऊ द्या. तुम्हालाही माहितीय. ऑफिसच्या कँटीनमध्ये 'आज डाएटवर आहे' म्हणणाऱ्यांची संख्या महिनाअखेरीस का वाढते, यावर कोणीतरी एकदा अभ्यास करायला हवा!

तर गेल्या एप्रिलातली अशीच एक एकवीस तारीख. दुपारी दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई. जालना जिल्हा, भोकरदन तालुका. गावाच्या नावात रेणुकाई असली तरी बाहेर आमची ओळख मिरचीमुळे. हंगामात आमच्या बाजारातून हिरव्या मिरचीचे ट्रकच्या ट्रक भरून जातात. एप्रिल-मे म्हणजे लागवडीचे दिवस. मल्चिंग पेपर, रोपं, ठिबकची दुरुस्ती असं सगळं एकदम अंगावर येतं. दादा म्हणाले, "चाळीस हजार कमी पडायलेत. जुलैच्या तोड्याला परत करतो. जमंल का?"

मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं? संध्याकाळी टाकतो."

फोन ठेवला, बॅलन्स बघितला. ९,१४० रुपये.

माझा हातात येणारा पगार ६२ हजार, बायकोचा ५८ हजार. दोघांचे मिळून एक लाख वीस हजार. आणि एकवीस तारखेला खात्यात नऊ हजार! बायकोला सांगायची हिंमत झाली नाही. दादांना 'नाही' म्हणायची तर त्याहून नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे पैसे नाहीत, हे गावात कोणाला पटणार? मग काय केलं? जे आपल्यापैकी बरेच जण करतात तेच. फोनवरच्या एका अॅपवर बोट फिरवलं. तीन मिनिटांत चाळीस हजार खात्यात. वर्षाला २४ टक्के व्याज, बारा हप्ते, प्रत्येकी ३,७८२ रुपये. वर्षभरात ५,३८४ रुपये व्याज. पण हा हिशोब मी नंतर केला. त्या वेळी फक्त 'अप्रूव्ह्ड' हा हिरवा शब्द दिसत होता.

आठवड्याने बायको माझ्या फोनवर रिक्षा बुक करत होती. नेमका तेव्हाच पहिल्या हप्त्याच्या आठवणीचा मेसेज आला. ती काही बोलली नाही. भांडणापेक्षा ते वाईट, हे लग्न झालेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको.

वही आणि वहीवाली

अक्षय्य तृतीयेला गावी गेलो. संभाजीनगर, सिल्लोड, भोकरदन असा तो सगळा रस्ता आम्ही गाणी ऐकत गेलो, कारण बोलायला काही नव्हतं.

घरात आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री जेवणं झाली की आई वही काढते. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. लहानपणापासून ही वही मी बघत आलोय, पण ती 'आईची वही' होती. त्यात काय असतं हे कधी विचारलं नव्हतं. आता लिहायचं काम माझ्या पुतणीकडे आहे. ती सहावीत आहे, अक्षर मोत्यासारखं. आई सांगते, ती लिहिते आणि शेवटी सगळं मोठ्याने वाचून दाखवते. दादा, धाकटा भाऊ, त्याची बायको, सगळे ओसरीवर बसलेले असतात. उठून जायची मुभा नाही. दादांनाही नाही!

आई हे शिकली बचत गटात. आपल्याकडे 'महिला आर्थिक विकास महामंडळ' म्हणजे माविम १९७५ पासून आहे, तर 'उमेद' अभियान २०११ पासून. या दोघांनी गावोगावच्या बायकांना एक पाढा पाठ करून घेतलाय. त्याला पंचसूत्री म्हणतात: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. आईचं म्हणणं साधं होतं, दहा-बारा परक्या बायकांचा पैसा यावर चालतो, तर घरातल्या सात माणसांचा का चालू नये?

पाढ्यातला पहिला शब्द लक्षात आला का? बचत नाही, हिशोबही नाही. बैठक! माझ्या फोनमध्ये बजेटची तीन अॅप होती. लाल-निळे पाय चार्ट, महिन्याचा रिपोर्ट, सगळं. ते बघायला एकटा मीच होतो आणि मीही बघत नव्हतो.

पाच महिने तोडायची, बारा महिने खायची

वहीत पाच खाती. शेताचं, पोटाचं, पोरांचं, पाहुण्यांचं आणि दुखण्याखुपण्याचं. पाहुण्यांच्या खात्यात लग्नाचे आहेरसुद्धा. कोणाकडे किती करायचा ते आधी ठरलेलं, त्यामुळे लग्नसराईत 'आता हे कुठून आलं?' असं कोणी म्हणत नाही.

मी हुशारी दाखवायला गेलो. म्हटलं, "आई, जगात आता पन्नास-तीस-वीसचा नियम चालतो." अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी या दोघींनी २००५ मध्ये पुस्तकातून हा नियम लोकप्रिय केला. हातात येणाऱ्या पैशातले निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के बचतीला आणि कर्ज फेडायला. आईने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पन्नास टक्के कशाचे? ऑगस्टचे का फेब्रुवारीचे?"

बोलती बंद. कारण मिरचीचा पैसा जून-जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत येतो. तोडा झाला की माल बाजारात, व्यापाऱ्याची पट्टी हातात. एका आठवड्याला किलोला साठ रुपये, दोन आठवड्यांनी वीस. त्यातून तोडणीची मजुरी, फवारणी, गाडीभाडं जायचं. म्हणून आईचे दोन नियम.

एक: पाच महिने तोडायची, बारा महिने खायची. पट्टी आली की आधी पुढच्या महिन्यांचं बाजूला, मग या महिन्याचं.

दोन: वर्षाचा अंदाज मांडताना भाव धरायचा गेल्या वर्षीचा सर्वांत पडलेला. वर मिळालं तर ती दिवाळी. कमी मिळालं तर निदान शिमगा नको.

मनातल्या मनात मी आमचं बजेट आठवलं. त्यात इन्क्रिमेंट धरलेलं होतं. व्हेरिएबल पे शंभर टक्के धरलेला होता. मित्राला उसने दिलेले पंधरा हजारसुद्धा 'येणे' म्हणून धरलेले होते! म्हणजे आम्ही कायम साठ रुपये भाव धरून जगत होतो.

आणखी एक गंमत. सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च सरासरी ४,१२२ रुपये निघाला आणि शहरांत ६,९९६. खेड्यात त्यातले सुमारे ४७ टक्के खाण्यापिण्यावर जातात, शहरात सुमारे ४०. कमाई वाढली की पोटाचा वाटा घटतो, हे एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडून ठेवलंय. म्हणजे हिशोबाने आपल्या हातात गावापेक्षा जास्त मोकळा पैसा असायला हवा. मग तो मोकळा पैसा मोकाट का सुटतो?

आणि मग तो प्रश्न

सगळ्यांचं वाचून झालं. पुतणीने पान उलटलं, पेन सरसावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमचं काय लिहू?"

मी म्हटलं, "माझं काही नाही गं. आम्ही पाहुणे."

बायको पहिल्यांदाच बोलली. "लिही बाळा. काकांचा हप्ता, तीन हजार सातशे ब्याऐंशी. बारा महिने."

ओसरीवर एकदम शांतता. दादांनी चष्मा काढला. "कशाचा हप्ता?"

सांगितलं. सगळंच सांगितलं. चाळीस हजारांचं तर सांगितलंच, शिवाय क्रेडिट कार्डावर ७२ हजार थकलेत आणि आम्ही दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरतोय, हेही. किमान रक्कम ३,६०० रुपये. आईने व्याज किती ते विचारलं. महिन्याला साडेतीन टक्के. तिने पुतणीला गुणाकार करायला लावला. ७२ हजारांवर २,५२० रुपये व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४५४. पुतणी वजाबाकी करून म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही ३,६०० भरता आणि फिटतात ६२६?"

सहावीतल्या पोरीने दोन ओळींत सोडवलेलं हे गणित दोन पदवीधरांनी वर्षभरात केलं नव्हतं.

आई म्हणाली, "आमच्या गटात दोन टक्के घेतात तर बाया किती भांडतात. अन् ते व्याज तरी गटातच राहतं, आमचंच. तुमचं कुठं जातं?"

दादा मात्र रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "नाही म्हणला असतास तर सोसायटीतून बघितलं असतं. कर्ज नवं-जुनं करायचंच होतं. आम्हाला वाटलं, तुझ्याकडं पडून असतील."

आणि थोडं थांबून, पुतणीकडे बघून, "माझंबी लिही. कृषी केंद्राची उधारी, सव्वीस हजार."

आता आईने चष्मा काढला. ही उधारी तिलाही माहीत नव्हती! वही इतकी वर्षं चालू होती, पण दादा त्यात खताचं एक बिल सांगायचे आणि एक खिशात ठेवायचे. बायकोला काळजी नको म्हणून. मी बायकोला सांगितलं नव्हतं, दादांनी आईला सांगितलं नव्हतं. मी दादांपुढे श्रीमंत होतो, दादा आईपुढे बिनधास्त होते. दोघांच्या या मोठेपणाचं व्याज मात्र सगळं घर भरत होतं.

त्या रात्री वहीत दोन नव्या ओळी आल्या. आणि सांगू? नंतर झोप फार छान लागली.

परतीच्या रस्त्यात बायको म्हणाली, "मला पैशाचा राग नव्हता आला. मी तुला नाही म्हणाले असते, असं तू गृहीत धरलंस त्याचा आला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण गाणी मात्र बंद केली.

पोह्यांनंतरची बैठक

पुण्यात आल्यावर आम्ही ठरवलं, रविवारी पोहे झाले की अर्धा तास बैठक. फोन टेबलावर पालथे. वही साधी. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये बायकांसाठी घरखर्चाची वही काढली होती. 'काकेबो' नावाने ती पद्धत आता जगभर गाजते, आणि तिचाही आग्रह हाताने लिहिण्याचाच आहे. का, ते पहिल्याच रविवारी कळलं. स्कॅन करताना काही दुखत नाही. तोच आकडा स्वतःच्या हाताने लिहिताना दुखतो!

पहिल्या महिन्याचे आकडे देतो, लाज न बाळगता. बाहेरून मागवलेलं खाणं ११,४६० रुपये. कॅब ६,२००. ऑनलाइन खरेदी ९,३००. सबस्क्रिप्शन्स २,१५०, त्यातली दोन आम्ही वर्षभरात उघडलीसुद्धा नव्हती. हे सगळं मिळून २९,११०. आमचं घरभाडं २४ हजार!

दुसऱ्या रविवारी भांडण झालं. विषय, तिची दीड हजारांची कुर्ती आणि माझे अठराशेचे हेडफोन. तिसऱ्या रविवारी बैठकच झाली नाही, मित्रांबरोबर लोणावळा. चौथ्या रविवारी आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आणि मग गाडी रुळावर आली. पहिली, दोघांना महिन्याला चार-चार हजार 'विचारायचं नाही' खात्यात. कुर्ती घ्या, हेडफोन घ्या, नाहीतर जाळून टाका, हिशोब मागायचा नाही. दुसरी, बैठकीत 'तू उडवलेस' म्हणायचं नाही, 'गेले' म्हणायचं. ऐकायला पोरकट वाटेल, पण करून बघा.

मग कार्ड. आमच्याकडे ५० हजारांची एक एफडी होती, नव्या गाडीच्या डाउनपेमेंटसाठी. तिच्याकडे बघून आम्हाला फार सुरक्षित वाटायचं. तिला व्याज सात टक्के, म्हणजे वर्षाचे ३,५००. तेवढ्याच रकमेवर कार्ड आमच्याकडून साडेतीन टक्के महिना, म्हणजे वर्षाचे २१ हजार घेत होतं. मोडली. मोडताना बायकोच्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. उरलेले २२ हजार तीन महिन्यांत फेडले. तोपर्यंत कार्ड कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. कारण थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. हे कार्डाच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. आपण फक्त रिवॉर्ड पॉइंट्सचं पान वाचतो.

वर्षातून एकदा येणारे खर्च बाराने भागले. गाडीचा विमा १४,४००, तर महिन्याला १,२००. तसंच दिवाळीचं, तसंच मेडिक्लेमचं. आणि एक नवं खातं उघडलं: गाव. दर महिन्याला पाच हजार. दादांचा फोन येवो न येवो, ते तिथे जमतात. आता 'जमंल का?' असा फोन आला की मी वही बघून उत्तर देतो. एकदा 'दहा जमतील, जास्त नाही' म्हणालोसुद्धा. दादा म्हणाले, "बरं." बस्स, एवढंच. या एका 'बरं'साठी मी ५,३८४ रुपये व्याजाचा सौदा केला होता!

भाव पडला तेव्हा

जुलैत पहिल्या तोड्याला भाव बरा निघाला. दादांनी शब्दाप्रमाणे पंधरा हजार पाठवले, आम्ही ते कर्जात भरले. (मुदतीआधी कर्ज फेडायचं असेल तर त्याचा चार्ज किती, ते आधी विचारून घ्या. आम्ही नंतर विचारलं.) सप्टेंबरात मात्र भाव कोसळला. किलोला बावीस रुपये. मला फोनवर बोलताना घशात आवंढा आला. दादा म्हणाले, "काळजी करू नको. आईनं वीसच धरला होता."

वीसच धरला होता! अर्थशास्त्राची मोठमोठी भाषणं मी ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलीयत. या तीन शब्दांपुढे सगळी फिकी.

म्हणजे सगळं आलबेल आहे असं नाही. उधारी अजून थोडी बाकी आहे. आमचा सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन फंड सध्या दीड महिन्यावर रेंगाळतोय. दिवाळीत आम्ही ठरल्यापेक्षा सात हजार जास्त उडवले. माफ करा, सात हजार 'गेले'. पण ते दोघांनाही माहीत आहेत आणि कुठे गेले तेही माहीत आहे. एकवीस तारीख अजूनही येते. फक्त तिची आता भीती वाटत नाही.

तुम्हाला एवढंच सांगेन, या रविवारी पोहे झाल्यावर एक वही घ्या. एक्सेल नको, अॅप नको. घरात जेवढी माणसं आहेत तेवढी बसवा. लहान मूल असेल तर पेन त्याच्या हातात द्या. आणि गेल्या महिन्यात जो खर्च तुम्ही कोणालाच सांगितला नाही, तो पहिल्या ओळीत लिहा. बाकीचं बजेट त्या ओळीच्या मागोमाग आपोआप येतं.

आमचं कर्ज नोव्हेंबरात फिटलं. त्याच रात्री पुतणीने वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. 'काकांचा हप्ता' या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ आणि पुढे मोत्यासारख्या अक्षरात 'संपला'. त्याच्या खाली एक नवी ओळ होती:

'पोरांचं खातं – सायकल – काकांकडून?'

प्रश्नचिन्ह दोनदा गिरवलेलं होतं. येत्या रविवारच्या बैठकीत विषय घेतलाय.